‘कंबरेत मार लागलाय’: कॅज्युअल्टीत पेल्व्हिसचं फ्रॅक्चर कसं ओळखायचं

पेशंट कधी ‘पेल्व्हिस’ (कंबरेखालचं हाडांचं कडं) म्हणत नाही. तो ‘कंबर’ म्हणतो, ‘खुबा’ म्हणतो, एखादी आजी ‘माकडहाड सरकलं’ म्हणते. सगळ्यात गंभीर पेशंट तर काहीच म्हणत नाही, कारण त्याचं वरचं बीपी ७० असतं. नवा इंटर्न ‘कंबर’ ऐकतो आणि लंबर स्पाइनचा एक्स-रे लिहून मोकळा होतो. फिल्मवर मणके दिसतात, खालचा पेल्व्हिस कापला जातो आणि केसपेपरवर ‘नॉर्मल’ लागतं. हे फ्रॅक्चर नजरेतून सुटतं ते बऱ्याचदा असं, एका शब्दामुळे.

नाशिक शहरात कॅज्युअल्टीची ड्युटी नव्याने लागलेल्यांसाठी आणि सुरगाणा, पेठ, कळवण, इगतपुरीकडे एकट्याने रात्र काढणाऱ्या मेडिकल ऑफिसरसाठी हे लिहिलं आहे. सुरुवातीलाच क्रम पक्का करून घ्या. हाड कसं मोडलंय हा प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न, या पेशंटचं रक्त पेल्व्हिसमध्ये चाललंय का? दुसरा, ते थांबावं म्हणून मी आत्ता, याच स्ट्रेचरवर काय करू शकतो? फ्रॅक्चरला नाव द्यायला ऑर्थोवाले आहेत, आणि नावाला सकाळपर्यंत दम धरवतो. रक्ताला धरवत नाही.

बांगडी एका जागी फुटत नाही

मागे सेक्रम (कण्याच्या तळाचं हाड), दोन्ही बाजूंना कुल्ल्याची रुंद हाडं (त्यांचा वरचा भाग इलियम), पुढे ती जिथे जुळतात ती सिम्फिसिस. हे सगळं मिळून एक कडं होतं. काचेची बांगडी एकाच जागी फुटून उरलेली अखंड राहिली, असं सहसा होत नाही. म्हणून पुढे प्युबिक रेमस (पुढच्या हाडाची फांदी; अनेक असतील तर रेमाय) मोडलेला दिसला की मागेही काहीतरी गेलंय असं धरूनच शोधायचं: सेक्रम, एसआय सांधा (सेक्रम आणि इलियम जुळतात तो), नाहीतर इलियम. फरक इतकाच की ही बांगडी नुसत्या हाडांची नाही, हाडं आणि लिगामेंट (हाडांना हाडं बांधणारे पट्टे) यांची आहे. एसआय सांध्याच्या मागची लिगामेंट शरीरातल्या सर्वांत मजबूत लिगामेंटांपैकी आहेत. ती तुटली असतील तर धक्का प्रचंड होता, आणि नेमकं तिथेच सेक्रमच्या पुढे शिरांचं दाट जाळं पसरलेलं आहे.

रक्तस्राव साधारण ८० ते ८५ टक्के वेळा या शिरांतून आणि हाडाच्या मोडक्या तोंडांतून होतो. धमनी फाटलेली असते ती १० ते २० टक्के पेशंटमध्ये. तेव्हा सुपीरियर ग्लुटियल, इंटर्नल प्युडेंडल आणि ऑब्ट्युरेटर ही नावं आठवायची. हे रक्त पोटाच्या पडद्यामागे साठतं. तिथे काही लिटर सहज मावतं आणि वरून पोट मऊच लागतं. साठ किलोच्या माणसात सगळं मिळून रक्त असतं चार-साडेचार लिटर. हिशेब स्पष्ट आहे.

शिरेचं आणि हाडाचं रक्त कमी दाबाचं असतं. पेल्व्हिसची जागा आवळली आणि मोडकी टोकं हलायची थांबली की गुठळी धरते. म्हणूनच पेल्व्हिस आधी बांधायचा आणि फोटो नंतर काढायचा.

पहिली पायरी: अपघात कसा झाला ते नीट विचारा

‘आरटीए’ (रस्ता अपघात) एवढं लिहून पुढे जाऊ नका. १०८ च्या डॉक्टरला किंवा सोबत आलेल्याला दोन मिनिटं धरून विचारा, धक्का कुठल्या बाजूने बसला?

मुंबई-आग्रा महामार्गावर बाइकवाला समोरासमोर धडकतो तेव्हा तो पुढे सरकतो आणि पेट्रोलची टाकी जांघेत बसते. पेल्व्हिस पुस्तकासारखा पुढून उघडतो. रस्ता ओलांडणाऱ्याला बाजूने गाडी लागली, किंवा कारच्या दारावर दुसरी गाडी आदळली, तर पेल्व्हिस कडेने आत दाबला जातो. बांधकामाच्या परांचीवरून पायावर पडलेला मजूर, विहिरीत कोसळलेला शेतकरी यांच्यात अर्धा पेल्व्हिस वर सरकतो, आणि सोबत टाच व कंबरेचा मणका मोडलेला असू शकतो. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत ट्रॅक्टर उलटून खाली सापडलेला माणूस आला तर एकाच दिशेचा विचार करू नका. तिथे सगळंच मिसळलेलं असतं.

उंची विचारली की नातेवाईक मीटरमध्ये सांगत नाहीत. ‘विहीर चार परस आहे’ म्हणतात. एक परस म्हणजे साधारण पुरुषभर उंची, हे शहरातून आलेल्या इंटर्नने लक्षात ठेवावं. ३ मीटरच्या, म्हणजे १० फुटांच्या पुढचं पडणं पेल्व्हिससाठी मोठं समजायचं. विहिरीत पाणी किती होतं तेही विचारा. कोरड्या विहिरीत पडणं वेगळं, पाण्यात पडणं वेगळं.

दुसरी पायरी: डोळे आधी, हात एकदाच

श्वासमार्ग, श्वास आणि रक्ताभिसरण हा नेहमीचा क्रम सोडायचा नाही. बाहेर दिसणारं मोठं रक्त आधी दाबा. ‘सी’ला, म्हणजे रक्ताभिसरणाला, आल्यावर पाच ठिकाणं मनात मोजा: छाती, पोट, पेल्व्हिस, मांडीची हाडं आणि रस्त्यावर सांडलेलं रक्त.

कपडे ओढून नका काढू, कात्रीने कापा. मग पायथ्याशी उभे राहून नुसतं बघा. दोन्ही पाय सारखे आहेत का? मांडीचं हाड मोडलेलं नसताना एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला तर पेल्व्हिस किंवा खुब्याचा सांधा. अंडकोशावर किंवा योनीच्या ओठांवर, जांघेत, कुल्ल्यावर निळा-काळा डाग आहे का? लघवीच्या तोंडाशी रक्ताचा थेंब आहे का? तो वाळून कपड्याला चिकटलेला असतो, म्हणून कापलेली चड्डीही बघून मगच टाका. पेरिनियममध्ये (गुप्तांग आणि गुदद्वार यांच्यामध्ये), कुल्ल्यांच्या फटीत जखम आहे का? ती जखम हाडापर्यंत जात असेल तर हे उघडं फ्रॅक्चर आहे, आणि त्याला अँटिबायोटिक पहिल्या तासात हवं.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. दोन्ही तळहात इलियमवर ठेवून पेल्व्हिस दाबून-उघडून बघायचा, ही ‘स्प्रिंगिंग’ची पद्धत जुन्या पिढीने शिकवली. ती करू नका. फ्रॅक्चर नसलेल्या माणसात तिच्यातून काही कळत नाही, आणि असलेल्यात नुकती धरलेली गुठळी सुटते. त्यातून एकाने केली की मागून आलेला सर्जरीचा रेसिडेंट करतो, मग ऑर्थोचा करतो. तीन परीक्षांत पेशंटचं बीपी २० ने उतरतं. केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहा, ‘पेल्व्हिस हलवू नये’.

शुद्धीवर असलेल्या पेशंटला बोटांनी हलकेच चाचपायला हरकत नाही: सिम्फिसिस, दोन्ही रेमाय, इलियमची धार आणि हात पाठीखाली अलगद सरकवून एसआय सांधा. कुठे दुखतं ते त्याच्या तोंडून ऐका. पूर्ण शुद्ध आहे, दारू प्यायलेली नाही, दुसरीकडे लक्ष वेधणारी मोठी जखम नाही, बीपी-पल्स ठीक, पेल्व्हिस कुठेच दुखत नाही आणि स्वतःहून दोन्ही पाय उचलतो, अशा पेशंटला पेल्व्हिसचा एक्स-रे नसला तरी चालतो. यातली एकही अट ढिली पडली तर काढायचा.

पाठ बघण्यासाठी ९० अंशांत कुशीवर वळवणंही टाळा. स्कूप स्ट्रेचर असेल तर उत्तम. नसेल तर वॉर्डबॉय मामांना हाक मारा आणि चार जणांनी एका आवाजावर सपाट उचला. वळवावंच लागलं तर १५ ते २० अंश, एवढंच.

गुदद्वाराची तपासणी एकदाच, ज्याला कळतं त्याने करावी. बोटाला रक्त लागतं का, हाडाचं टोक लागतं का, स्नायूची पकड आहे का, आजूबाजूला स्पर्श कळतो का, हे बघायचं. ‘प्रोस्टेट वर गेलंय’ या जुन्या खुणेवर भिस्त ठेवू नका. सुजेत आणि रक्तात ते नीट लागत नाही. बाईला योनीतून रक्त येत असेल तर ते पाळीचं समजून सोडू नका, आत जखम असू शकते. पायाचा अंगठा वर उचलता येतो का ही एल ५ ची परीक्षा, पंजा खाली दाबता येतो का ही एस १ ची. ऑपरेशननंतर ‘पाय आधी चालत होता का’ हा प्रश्न हमखास येतो, म्हणून ही नोंद बेशुद्धीचं औषध देण्याआधीची हवी.

तिसरी पायरी: बांधा

मोठा धक्का आणि त्यासोबत कमी बीपी, वेगाची पल्स, पेल्व्हिसमध्ये दुखणं किंवा बेशुद्धी यांपैकी काहीही असेल तर एक्स-रेची वाट न बघता बाइंडर, म्हणजे पेल्व्हिस आवळून धरणारा पट्टा. तयार बाइंडर कपाटात कुलूपबंद असेल तर चादर घ्या. काम तेवढंच चांगलं होतं, जागा बरोबर हवी.

जागा म्हणजे ग्रेटर ट्रोकँटर: मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरच्या अंगाने हाताला लागणारा उंचवटा, साधारण सिम्फिसिसच्याच पातळीवर. पँटच्या बेल्टची जागा नव्हे. बाइंडर बेल्टच्या जागी बसला की इलियमची वरची धार आवळली जाते, खालचा भाग आणखी उघडू शकतो आणि पोट तपासायला जागा उरत नाही. सुटलेल्या पोटाच्या पेशंटमध्ये ही चूक जवळजवळ ठरलेली. बोटाने ट्रोकँटर शोधा, त्यावर मार्करने खूण करा, मग बांधा.

चादर घडी घालून २० ते २५ सेंमी रुंद करायची. खिशातला मोबाइल, किल्ल्या, पाकीट आधी काढायचं. ते आत राहिलं तर कातडीवर व्रण पडतो आणि फिल्मवर भलतीच सावली येते. चादर गुडघ्यांच्या पोकळीखालून घालून वर सरकवा, पेशंटला उचलावं लागत नाही. दोघांनी समोरासमोरून सारख्या जोराने ओढायचं, पुढे पीळ द्यायचा आणि दोन मोठ्या टॉवेल क्लिपनी किंवा आर्टरी फोरसेप्सनी पीळ धरायचा. क्लिपा सिम्फिसिसवर येऊ देऊ नका, फिल्म वाया जाते. मग गुडघे एकत्र आणून त्यांच्यामध्ये मऊ कापड ठेवा आणि पावलं क्रेप बँडेजने आठच्या आकड्यात बांधा, अंगठे थोडे आत वळलेले. मांडीचं हाड मोडलेलं किंवा खुबा निखळलेला असेल तर पाय जबरदस्तीने वळवू नका.

किती आवळायचं? पाय आणि पेल्व्हिस मूळ जागी येईपर्यंत, त्यापुढे नाही. कडेने आत दाबलेल्या पेल्व्हिसला आणखी आवळलं तर मोडकं हाड मूत्राशयाकडे सरकतं. बांधल्याची वेळ चादरीवरच मार्करने लिहा. २४ तासांच्या पुढे बाइंडर ठेवायचा नाही, आणि त्याआधीही कातडीवर नजर हवी.

चौथी पायरी: रक्त चाललंय का?

तरुण पेशंटचं बीपी फसवतं. एक तृतीयांश रक्त जाईपर्यंत ते टिकून राहतं, मग एकदम कोसळतं. म्हणून पल्सला वरच्या बीपीने भागा. नेहमी हा आकडा ०.५ ते ०.७ असतो. पल्स १२० आणि बीपी १०० म्हणजे १.२, आणि केसपेपरवर मात्र ‘बीपी १००, ठीक’ असं लिहिलेलं असतं! ०.९ च्या पुढे गेलं की ब्लड बँकेला फोन. आजोबा बीपीची बीटा-ब्लॉकर गोळी घेत असतील तर पल्स वाढणारच नाही. तिथे हा हिशेब चालत नाही.

सलाइनच्या सुया १४ किंवा १६ नंबरच्या, दोन, आणि दोन्ही हातांत. पायात किंवा जांघेत लावू नका. दिलेलं रक्त फाटलेल्या शिरेतूनच बाहेर जाईल. त्याच सुईतून नमुने घ्या: रक्तगट व क्रॉसमॅच, हिमोग्लोबिन, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी), लॅक्टेटसह ब्लड गॅस, आणि मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक बाईची प्रेग्नन्सी टेस्ट. पहिलं हिमोग्लोबिन १३ आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. रक्त अंगातून जातं तेव्हा त्यातलं पाणीही सोबत जातं, एकवटलेपण तेवढंच राहतं. खरं बोलतो तो लॅक्टेट. तो २ च्या वर गेला तर सावध व्हायचं. ४ च्या वर, किंवा बेस डेफिसिट (रक्तातल्या आम्लतेचं माप) ६ च्या पुढे, म्हणजे पेशंट शॉकमध्ये आहे, बीपी काहीही असो.

ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड (गुठळी टिकवणारं औषध) अपघातापासून ३ तासांच्या आत: १ ग्रॅम १० मिनिटांत, पुढचा १ ग्रॅम ८ तासांत. सलाइनच्या बाटल्या मात्र आवरा. एक लिटरच्या पुढे गेल्यावर रक्त पातळ होतं, गार होतं आणि गोठायचं विसरतं. डोक्याला मार नसेल तर रक्तस्राव थांबेपर्यंत वरचं बीपी ८० ते ९० पुरतं. डोक्याला मार असेल तर ११० च्या आसपास हवं.

गारठ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्याच्या बातम्यांत असतो. रात्री शेतात तासभर पडून राहिलेला, कपडे कापून उघडा केलेला, गार सलाइन चाललेला माणूस ३५ अंशांच्या खाली सहज जातो, आणि तिथून रक्ताचं गोठणं बिघडायला लागतं. पंखा बंद करा, दोन ब्लँकेट मागवा, सलाइन गरम करा.

पाचवी पायरी: एक्स-रे, आणि तो खरोखर वाचायचा

पोर्टेबल मशीन स्ट्रेचरपाशी आणा. अस्थिर पेशंटला एक्स-रे रूमकडे ढकलायचं नाही. एकच फिल्म, एपी (समोरून मागे), १४ बाय १७ इंचांची कॅसेट आडवी. नेहमीच्या फिल्मला पाय १५ अंश आत वळवतात, इथे पायांना हात लावायचा नाही. बाइंडर सोडायचा नाही. फिल्मवर वरती इलियमची पूर्ण धार आणि शेवटचे दोन मणके, खाली मांडीच्या हाडाचा वरचा भाग दिसलाच पाहिजे.

वाचण्याआधी फिल्म सरळ आहे का बघा. मणक्यांच्या मधल्या काट्यांची रांग, माकडहाडाचं टोक आणि सिम्फिसिस एका उभ्या रेषेत असतील तर सरळ. वाकडी फिल्म असेल तर एक बाजू रुंद दिसणारच, त्यावरून फ्रॅक्चर म्हणू नका.

आता बोट ठेवून तीन गोल गिरवा. एक मोठा, पेल्व्हिसच्या आतल्या काठाचा. दोन छोटे, ऑब्ट्युरेटर फोरामेनचे (खालच्या हाडांतली दोन भोकं). गोल कुठेही तुटला, पायरी पडली, तर फ्रॅक्चर. एका ठिकाणी सापडलं की तिथेच थांबू नका; बांगडीचं दुसरं तोंड शोधा.

मग मापं. सिम्फिसिसची फट प्रौढात साधारण ५ मिमीपर्यंत. गरोदर बाईत आणि लहान मुलात ती १० मिमीपर्यंत नैसर्गिक असू शकते. २.५ सेंमीच्या पुढे गेली तर एसआय सांध्याच्या पुढची लिगामेंटही तुटलेली धरायची. एसआय सांध्याची फट २ ते ४ मिमी. आकड्यापेक्षा दोन्ही बाजूंची तुलना जास्त कामाची.

सेक्रम ही सगळ्यात जास्त सुटणारी जागा. आतड्यातला गॅस त्यावर बसलेला असतो आणि वाचणारा घाईत असतो. सेक्रमच्या छिद्रांच्या वरच्या कमानी भुवयांसारख्या दिसतात. डाव्या-उजव्या भुवया जुळवा. एक भुवई तुटलेली, सपाट झालेली किंवा दबलेली असेल तर सेक्रम मोडलंय. दोन छोट्या खुणा आहेत, त्या मोठी गोष्ट सांगतात. एल ५ च्या आडव्या काट्याचं फ्रॅक्चर, आणि इशियल स्पाइन (पेल्व्हिसच्या आतल्या बाजूचा हाडाचा काटा) निखळलेलं. दोन्हींचा अर्थ एकच: लिगामेंट हाडाचा तुकडा घेऊन सुटलं आहे, पेल्व्हिस अस्थिर आहे.

शेवटी अॅसिटाब्युलम (खुब्याची वाटी) आणि खुबा. इलिओपेक्टिनियल आणि इलिओइशियल या दोन रेषा, वाटीचं छत, पुढची कडा, मागची कडा गिरवा. मांडीच्या हाडाचे दोन्ही गोळे सारख्या आकाराचे आहेत का? एक लहान दिसला आणि वाटीतून सुटलेला असला तर मागे निखळलाय; तो काही तासांत बसवावा लागतो.

एक सापळा मुद्दाम सांगतो. बाइंडर नीट बसला असेल तर उघडलेला पेल्व्हिस मिटतो आणि फिल्म चक्क नॉर्मल दिसते. बाइंडर लावलेला, फिल्म नॉर्मल, पेशंट स्थिर, अशा वेळी ऑर्थोच्या माणसासमोर बाइंडर सोडून दुसरी फिल्म काढा आणि मगच ‘फ्रॅक्चर नाही’ लिहा. पेशंट स्थिर नसेल तर सोडायचा नाही, सीटीनंतर बघू.

लहान मुलांच्या फिल्मवर उलट चूक होते. वाढीच्या कुर्चा, वाटीतली तीन फाट्यांची रेष, इशियम आणि प्युबिस जुळण्याची फुगीर जागा ही सगळी फ्रॅक्चर वाटतात. दुसरी बाजू तशीच आहे का बघा. असेल तर निसर्ग आहे.

दिसलेल्याला नाव

यंग-बर्जेसची वर्गवारी फोनवर सांगायला सोपी पडते, कारण ती धक्क्याच्या दिशेवर आधारलेली आहे. पुढून उघडलेला तो एपीसी: १ मध्ये सिम्फिसिस २.५ सेंमीच्या आत, २ मध्ये त्यापुढे आणि एसआय सांधा पुढून उघडा, ३ मध्ये मागची लिगामेंटही गेलेली, अर्धा पेल्व्हिस मोकळा. कडेने दबलेला तो एलसी: १ मध्ये रेमाय आडवे मोडलेले आणि सेक्रम दबलेलं, २ मध्ये इलियमचा चंद्रकोरीसारखा तुकडा, ३ मध्ये एक बाजू आत आणि दुसरी बाहेर. अर्धा भाग वर सरकलेला तो व्हर्टिकल शिअर. कुठेच बसत नसेल तर मिश्र. एपीसी २, ३ आणि व्हर्टिकल शिअर ऐकलं की ब्लड बँक हलली पाहिजे.

पण वर्गवारीवरून रक्ताचा अंदाज बांधून स्वस्थ बसू नका. सत्तरीची आजी बाथरूममध्ये घसरली, साधा एलसी १, आणि ती क्लोपिडोग्रेलवर (रक्त पातळ करणारी गोळी) आहे. वरच्या रेमसच्या मागून ऑब्ट्युरेटर आणि एक्स्टर्नल इलियाक यांना जोडणारी एक रक्तवाहिनी जाते. तिला कोरोना मॉर्टिस म्हणतात, मृत्यूचा मुकुट. ती फाटली की हा ‘साधा’ फ्रॅक्चर काही तासांत जीव घेऊ शकतो.

याच आजीची दुसरी गोष्ट. खुब्याचा एक्स-रे चांगला आला म्हणून ‘मुका मार आहे, शेका’ सांगून तिला घरी पाठवतात. पाय टेकवता येत नसेल तर मुका मार म्हणायचं नाही. रेमाय आणि सेक्रम पुन्हा बघा. फिल्म तरीही चांगली वाटली तर सीटी, आणि शक्य असेल तर एमआरआय. ठिसूळ हाडातली चीर त्यात सगळ्यात नीट दिसते.

सहावी पायरी: सोनोग्राफी आणि सीटी

फास्ट सोनोग्राफी (अपघातात करायची झटपट सोनोग्राफी) पोटातलं रक्त दाखवते, पडद्यामागचं नाही. म्हणून ‘फास्ट निगेटिव्ह’चा अर्थ रक्तस्राव नाही असा होत नाही. अस्थिर पेशंट, मोडलेला पेल्व्हिस, फास्ट निगेटिव्ह आणि छाती स्वच्छ, म्हणजे रक्त पेल्व्हिसमध्येच आहे. हाच पेशंट पॅकिंगला (आत कापड भरून दाब देणं), एक्स्टर्नल फिक्सेटरला (बाहेरून सळ्यांनी हाड धरणं) किंवा एम्बोलायझेशनला (धमनी आतून बंद करणं) आधी न्यायचा. अस्थिर आणि फास्ट पॉझिटिव्ह असेल तर पोट उघडावं लागेल, बाइंडर तसाच ठेवून. फक्त एवढं ध्यानात ठेवा की मूत्राशय फुटला असेल तर पोटातलं पाणी लघवीचंही असू शकतं.

सीटी त्यालाच, जो रक्त दिल्यावर सावरतो आणि सावरलेला राहतो. ७० बीपीचा पेशंट सीटीच्या टेबलावर ठेवला तर त्याच्याजवळ ना डॉक्टर असतो ना सिस्टर, काचेपलीकडून सगळे आकडे बघत बसतात. सावरला असेल तर कॉन्ट्रास्टसह, धमनीच्या टप्प्यात आणि शिरेच्या टप्प्यात. क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी अडून बसू नका. धमनीच्या टप्प्यात कॉन्ट्रास्ट बाहेर सांडताना दिसला तर एम्बोलायझेशनची सोय कुठे आहे ते त्याच क्षणी शोधा. तो दिसला नाही म्हणून शिरेचं रक्त थांबलंय असं नाही. पातळ काप आणि थ्री-डी मागा. सेक्रम आणि अॅसिटाब्युलमचं खरं चित्र तिथेच कळतं.

सातवी पायरी: लघवी

कॅथेटर घालायची सवय हाताला इतकी लागलेली असते की सिस्टर ट्रे घेऊन उभीच असते. आधी लघवीच्या तोंडाशी रक्त, पेरिनियमवर डाग, लघवीची तीव्र भावना पण होत नाही, रेमाय सरकलेले, यांतलं काही आहे का ते बघा. असेल तर मूत्रनलिका फाटलेली असू शकते. अर्धवट फाटलेली नलिका कॅथेटरच्या जोराने पूर्ण तुटते, आणि तरुण मुलाला आयुष्यभराचा त्रास लागतो.

सोय असेल तर आधी रेट्रोग्रेड युरेथ्रोग्राम, म्हणजे मूत्रनलिकेत कॉन्ट्रास्ट सोडून काढलेली फिल्म. १२ किंवा १४ नंबरचा फोली (फुग्याचा कॅथेटर) तोंडाशीच, फुगा १ ते २ मिली, २० ते ३० मिली कॉन्ट्रास्ट हळूहळू, फिल्म तिरकी. पेशंटला तिरकं वळवता येत नसेल तर मशीनची नळी तिरकी करा. सोय नसेल आणि मूत्राशय भरला असेल तर जाणत्या हाताने १६ नंबरच्या मऊ सिलिकॉन कॅथेटरने एकच हलका प्रयत्न. अडला की थांबा. फुगा लघवी आल्याशिवाय फुगवायचा नाही. नाहीच गेला तर सुप्राप्युबिक, तोही ऑर्थोला विचारून, कारण पुढच्या प्लेटची जागा तीच आहे.

कॅथेटर गेला आणि लघवी उघड लाल आली तर सिस्टोग्राम (कॉन्ट्रास्टने भरलेल्या मूत्राशयाचं चित्र) हवाच. नळी बंद करून आपोआप मूत्राशय भरेल याची वाट बघू नका. कॅथेटरमधून ३०० ते ३५० मिली पातळ कॉन्ट्रास्ट सोडून सीटी करा. कमी भरलेल्या मूत्राशयात भोक दिसत नाही. एक दक्षता: धमनीतून रक्त सांडतंय अशी शंका असेल तर अँजिओ आधी, सिस्टोग्राम नंतर. मूत्राशयातून सांडलेला कॉन्ट्रास्ट पुढचं सगळं झाकून टाकतो.

पुढे पाठवायचं असेल तर

सुरगाण्याहून किंवा पेठहून नाशिकला यायचं म्हणजे घाट आला, वळणं आली. अशा ठिकाणी मशीन बंद आहे म्हणून एक्स-रेसाठी थांबू नका. बाइंडर, दोन सुया, ट्रॅनेक्झॅमिक, ब्लँकेट आणि गाडी. एमएलसीची (पोलिस केसची) नोंद करा, पण पोलिसांची वाट बघत उपचार किंवा गाडी रोखून धरू नका. आधी जीव, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगून ठेवलंय.

निघण्याआधी पुढच्या ठिकाणी फोन करून तीनच वाक्यं बोला: धक्का कसा होता, बीपी-पल्स सुरुवातीला आणि आता किती, आणि बाइंडर किती वाजता लावला. चिठ्ठीत बाकीचं लिहा: ट्रॅनेक्झॅमिकची वेळ, किती सलाइन आणि किती रक्त गेलं, लघवीच्या तोंडाशी रक्त होतं का, कॅथेटरचा प्रयत्न झाला का, अंगठा आणि पंजा हलत होता का, गुदद्वाराच्या तपासणीत काय लागलं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती लाल अक्षरात. फिल्मचा मोबाइलवर फोटो काढून पाठवा, व्ह्यू बॉक्सवर लावून, फ्लॅश बंद ठेवून, चारही कोपरे येतील असा. कोपरा कापलेल्या फोटोत नेमका एसआय सांधाच नसतो.

पेशंट तुमच्याकडेच राहिला तर २४ तासांच्या आत त्याला पुन्हा नखशिखांत तपासा. तो शुद्धीवर आलेला असतो, आता नीट सांगतो. कुल्ल्याच्या किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला मऊ, लिबलिबीत सूज आली असेल आणि वरची कातडी बधिर असेल तर ती मोरेल-लाव्हाले जखम: कातडी खालच्या थरापासून सुटून मध्ये रक्त साठलेलं असतं. पहिल्या दिवशी ती दिसत नाही, आणि ती माहीत नसताना ऑर्थोने तिथूनच चीर घेतली तर जखम पिकते. तिच्या कडेला मार्करने रेघ ओढून ठेवा.